मुळासकट आहे का?

प्रश्न : गेल्या पावसाळ्यात बोरिवली स्टेशनबाहेर बसणाऱ्या एका मावशींकडून तळहाताएवढी अळंबी घेतली होती. यंदा त्याच मावशींकडे सागाच्या पानावर शर्टाच्या बटणाएवढ्या छत्र्या, शेकड्याने. म्हणतात, "दोन्ही वारुळाचीच." मग एवढा फरक कसा? आणि खायला हरकत नाही ना?
– एक वाचक, बोरिवली

उत्तर : मावशींचं म्हणणं पटण्यासारखं आहे. टर्मिटोमायसिस या एकाच प्रजातीत दोन्ही बसतात, जाती वेगळ्या. वाळवी जमिनीखाली बुरशीची बाग राखते, तिच्यातून ही अळंबी येते. मोठीला माती फोडत वर यावं लागतं, म्हणून छत्रीच्या मधोमध टणक टोक आणि दांड्याखाली मुळासारखी लांबलचक शेपटी. बटणवाली मायक्रोकार्पस आयतोबा! पावसात वाळवीच बागेचा चुरा वर आणून पसरते, त्यावर ही झुंडीने उगवते. तिला शेपटी नसते, डोक्यावरचं बारीक टोक मात्र असतं.

मोठ्यांतही बहिणी-बहिणी आहेत. हाइमी पांढरी, मध्यावर चहा सांडल्यासारखा डाग, दांड्याला कडं. युऱ्हायझस राखाडी-तपकिरी, टोक अणकुचीदार, कडं नाही. वसईला आमची आई दोन्ही एकाच कढईत कांद्यावर परतायची, चवीत फरक मला तरी कधी कळला नाही.

पण कडं दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका. मी वनस्पतिशास्त्र शिकवणारी बाई, तरी गोरेगावला आमच्या सोसायटीच्या हिरवळीवरच्या पांढऱ्या छत्र्यांना फसले. कडं होतं, छत्रीवर तपकिरी खवलेही होते. तेच खटकायला हवं होतं! सवयीने एक छत्री कागदावर उपडी ठेवली, वर वाटी झाकली, आणि निकालाची वाट न बघता बाकीच्या लोण्यावर परतल्या. दोन तासांत उलट्या सुरू. सकाळी वाटी उचलली तर कागदावर छत्रीतून गळलेल्या बीजाणूंची मळकट हिरवी पूड. क्लोरोफायलम, म्हणजे विषारी छत्री! वारुळाच्या अळंबीची पूड फिकट गुलाबीसर पडते. क्लोरोफायलमला शेपटीही नसते, बुडाशी नुसता गड्डा.

आता तुमची बटणं. गुलाबीसर पूड काही विषारी छत्र्यांचीही पडते आणि इथे शेपटीचा पुरावा नाही, त्यामुळे पत्र वाचून मी "खा" म्हणणार नाही. जाणकाराने हातात घेऊन बघितल्याशिवाय कढईत टाकू नका. लसूण काळी पडते का, चांदीचं नाणं काळवंडतं का, या परीक्षा साफ खोट्या आहेत. काही विषं तर शिजवूनही जात नाहीत आणि सहा-आठ तास पत्ताही लागू देत नाहीत. इतक्या उशिरा उलट्या-जुलाब लागले तर उरलेली अळंबी सोबत घेऊन थेट इस्पितळ गाठा.

मोठी मिळाली तर मावशींना आधी शेपटी दाखवायला सांगा. त्या बहुधा ती खुडूनच आणतात, पाटीत माती नको म्हणून. आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर मातीसकट आणून देतात, असा माझा अनुभव आहे.