वाचकांचे प्रश्न : कुरबानी आणि अल्लाहवरचा भरवसा

प्रश्न : आमच्या शेजारच्या मुस्लिम कुटुंबात बकरी ईदच्या आधी काही दिवस बोकड दारात बांधलेला असतो. घरातली लहान मुलगी त्याला हाताने पाला भरवते आणि ईदच्या दिवशी रडून रडून जेवत नाही. ज्याचा लळा लागला त्याचाच बळी देण्यात अध्यात्म कोणते? सगळे अल्लाहवर सोपवायचे, तर माणसाच्या प्रयत्नांना अर्थ काय? शिवाय पुराच्या वर्षी हेच पैसे पूरग्रस्तांना दिले तर चालत नाही का?
— एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर कुरआनातच आहे. सूरह हजच्या ३७व्या आयतीत म्हटले आहे की, या जनावरांचे मांस अल्लाहपर्यंत पोहोचत नाही आणि रक्तही पोहोचत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचतो तो तुमचा तकवा, म्हणजे त्याचे भान ठेवून वागणारे मन. मांस माणसांनीच खायचे असते, आणि त्याचे तीन वाटे करून एक घरात ठेवण्याची, एक नातेवाईक-स्नेह्यांना व एक गोरगरिबांना देण्याची रीत आहे.

राहिला लळा. बकरी ईद ज्यांच्या आठवणीत साजरी होते त्या पैगंबर हजरत इब्राहिम यांच्याकडे कुरबानीसाठी मागितला गेला तो उतारवयात, दुआ मागून मिळालेला मुलगा. सूरह साफ्फातमध्ये हा प्रसंग फार थोड्या शब्दांत येतो. वडील मुलाला त्याचीच कुरबानी देत असल्याचे स्वप्न सांगतात आणि ‘तुझे मत काय?’ असे विचारतात. मुलगा म्हणतो, आपल्याला जी आज्ञा झाली आहे ती पाळा, अल्लाहची इच्छा असेल तर मी धीर धरणारा ठरेन. (तेथे मुलाचे नाव नाही, मुस्लिम परंपरा बहुतांशी त्याला हजरत इस्माईल मानते.) मुलाऐवजी दुसरी कुरबानी स्वीकारली जाणार आहे, हे त्या क्षणी दोघांपैकी कोणालाही ठाऊक नव्हते. ते आधीच कळले असते, तर त्या होकारात भरवशाचा अंशही उरला नसता. त्यामुळे शेजारच्या मुलीच्या रडण्यात मला काही वावगे दिसत नाही. उलट, फोनवरून कुरबानीतला हिस्सा नोंदवून थेट मटणाची पिशवी घरी आणणाऱ्या मोठ्या माणसांपेक्षा या प्रसंगाच्या जवळ तीच अधिक आहे, असे माझे मत आहे. जनावराबद्दल हळवे होणे धर्माला मान्यच आहे. सुरी नीट धार लावलेली असावी आणि जनावराला त्रास कमीत कमी व्हावा, अशी पैगंबरांची स्पष्ट ताकीद आहे.

प्रयत्नांविषयी बोलायचे, तर इब्राहिम यांच्या पत्नी आणि इस्माईल यांच्या आई हजरत हाजरा यांच्याकडे पाहावे लागते, आणि ईदच्या प्रवचनांत त्यांच्या वाट्याला येणारी दोन-चार वाक्ये मला नेहमीच अपुरी वाटत आली आहेत. मक्केच्या निर्जन खोऱ्यात तान्ह्या मुलासह ठेवून इब्राहिम निघाले, तेव्हा हाजरा यांनी एवढेच विचारले की, ही अल्लाहची आज्ञा आहे का. होकार मिळताच त्या म्हणाल्या, मग तो आम्हाला वाऱ्यावर सोडणार नाही. इतका भरवसा बोलून दाखवणारी ही स्त्री मशकीतले पाणी संपल्यावर हात जोडून बसली नाही. सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये ती सात वेळा धावली. पाणी लागले ते मात्र दोन्ही टेकड्यांवर नव्हे, मुलाजवळ. धावणे तिच्या हाती होते, पाणी नव्हते. तवक्कुल, म्हणजे अल्लाहवरचा भरवसा, म्हणतात तो हाच, आणि म्हणून हजला जाणारा प्रत्येक जण आजही त्याच सात फेऱ्या घालतो. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू की बांधून, असे एकाने विचारले असता, आधी बांध आणि मग भरवसा ठेव, असे पैगंबरांनी सांगितल्याचे तिर्मिजींच्या हदीससंग्रहात, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या संग्रहात, आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली की नदीकाठचा माणूस सामान माळ्यावर चढवतो. ४३ फुटांच्या धोका पातळीपर्यंत ‘अल्लाह मालिक आहे’ म्हणत बसून राहणारा आळशी ठरतो, श्रद्धाळू नव्हे.

पुराचा प्रश्न कोल्हापुरात नुसता तात्त्विक नाही, कारण २०१९ची बकरी ईद १२ ऑगस्टला, ऐन महापुरात आली होती. इस्लामी धर्मशास्त्राच्या हनफी परंपरेच्या मतानुसार ऐपत असलेल्यावर कुरबानी वाजिब, म्हणजे बंधनकारक आहे, आणि जिलहिज्ज या इस्लामी महिन्याच्या १० ते १२ या तीन दिवसांत तिच्याऐवजी दानधर्म केल्याने ती फिटत नाही. शाफिई या दुसऱ्या परंपरेच्या मतानुसार ती ताकीद असलेली सुन्नत, म्हणजे आग्रहाने सांगितलेली पण सक्तीची नसलेली पैगंबरांची प्रथा आहे. मात्र अनेक घरांत स्वतःच्या कुरबानीखेरीज दिवंगत आई-वडिलांच्या नावाने आणखी एक केली जाते. ती ऐच्छिक असल्याने तिचे पैसे पूरग्रस्तांना खुशाल द्यावेत. वाजिब कुरबानी पाण्यामुळे करताच आली नाही आणि दिवस उलटून गेले, तर जनावराची किंमत गरिबांना दान करावी, असे हनफी फिकह, म्हणजे धर्मशास्त्रच सांगते. मटण तर पूरग्रस्त शेजाऱ्याला, तो कोणत्याही धर्माचा असो, देता येतेच. फक्त खाटकाची मजुरी त्या मटणातून किंवा कातड्यातून वळती करता येत नाही, ती वेगळी द्यावी लागते.