त्या ब्लाइंड्सच्या पट्ट्या काढ

तुझी शॉर्ट फिल्म काल रात्री दोनदा बघितली. मेहनत दिसते, खरंच. पण पहिल्याच मिनिटात खिडकीच्या ब्लाइंड्समधून पडणाऱ्या उजेड-सावलीच्या पट्ट्या, सिगरेटचा धूर, पावसात निऑन, 'न्वार' म्हणजे त्या काळोख्या गुन्हेगारी सिनेमांतलं सगळं येऊन गेलं आणि तुझा हीरो नक्की कशाला घाबरतोय ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

'डबल इंडेम्निटी' (१९४४) परत बघ. त्या पट्ट्या येतात कुठून? बाहेर लॉस एंजेलिसचं रखरखीत ऊन आहे, आत घर कोंदट, कित्येक दिवस कोणी झटकलेलं नाही, आणि ती धूळ उन्हात दिसावी म्हणून कॅमेरामन जॉन साइट्झने हवेत बारीक चुरा उडवला होता. म्हणजे ती पट्टी त्या घराची आहे. आपण नुसती पट्टी उचलतो, घर तिथेच राहतं.

आता १९७४ चा 'चायनाटाउन' घे. कलर आणि बराचसा भर उन्हात. दिग्दर्शक पोलान्स्कीचा कॅमेरा गिट्सला, म्हणजे निकल्सनने केलेल्या डिटेक्टिव्हला, सोडतच नाही, तो बेशुद्ध पडला की पडदा पण काळा, त्याला कळेल तेवढंच आपल्याला कळणार. आणि निकल्सनसारखा स्टार कितीतरी वेळ नाकाला बँडेज लावून फिरतो! शहरात दुष्काळ, आणि रात्री कोणीतरी पाणी सोडून देतंय, कारण जमिनी स्वस्तात घ्यायच्यात, हे सगळं त्याला उलगडतं तरी त्याच्या हातात काही राहत नाही. लेखक रॉबर्ट टाउनला एवढा काळा शेवट नको होता, पोलान्स्की अडून बसला आणि बरोबरच केलं त्याने. अमेरिकेचा अध्यक्ष निक्सनने राजीनामा दिला ते हेच वर्ष, सगळं नीट होईल यावर तेव्हा कोणाचा विश्वास बसला असता?

आणि 'अंधाधुन' (२०१८) तर आपल्या पुण्यातला. दिवसाढवळ्या, चकचकीत फ्लॅट, हीरो आकाश पियानो वाजवतोय आणि डोळ्यांसमोर प्रेताची विल्हेवाट चाललीये. आंधळ्याचं सोंग घेतलंय ना, मग दचकायची पण सोय नाही, बोटं चालूच ठेवायची. तिथे अंधार लागलाच नाही दिग्दर्शक श्रीराम राघवनला.

तुझा तो क्लार्क खोट्या कागदावर सही करायच्या आधी पेन दोनदा खाली ठेवतो, तेवढे चार सेकंद मी श्वास रोखून बघितले, आणि नेमका तिथेच तू कट मारून धूर दाखवलास. पेनवरच थांब ना. हा सीन परत शूट कर, दुपारी, ऑफिसच्या ट्यूबलाइटखाली, मागे कोणीतरी डबा उघडतंय असा. झाला की लगेच पाठव, रात्री उशिरा फोन केलास तरी चालेल.