वाचक विचारतात : अमेरिकेच्या जुन्या खेड्यांतला माल, माप आणि उधारी

गेल्या अंकात अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांच्या जुन्या दुकानांवर एक लेख होता. साधारण १८७० ते १९१५ या काळात तिथला शेतकरी वर्षभर उधारीवर माल नेई आणि पीक आलं की हिशोब मिटवी, एवढं त्यात सांगितलं होतं. त्यावर मराठवाड्यातून आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीवर आहे : भाव कोण ठरवायचा आणि माप कोणाच्या हातात असायचं? रोख बरोबर आहे. त्या गावांचं बरं-वाईट सगळं तिथेच ठरत होतं.

लेखात म्हटलंय की दुकानदार व्याज वेगळं लावत नसे. मग सहा-आठ महिन्यांची उधारी त्याला परवडायची कशी?
— एक मुनीम, मोंढा, परभणी

व्याज वहीत दिसत नसे, भावात असे. दक्षिणेकडच्या जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी या कापूसपट्ट्यातल्या दुकानांत एकाच मालाला दोन भाव असत, रोखीचा एक आणि उधारीचा एक. उधारीचा भाव वीस-पंचवीस टक्क्यांनी चढा असणं नेहमीचं होतं, कित्येक ठिकाणी त्याहून बराच जास्त. पंचवीस टक्के ऐकायला जड वाटत नाहीत, पण हिशोब मांडून पाहा. जूनमध्ये १० डॉलरचं मक्याचं पीठ आणि खारवलेलं डुकराचं मांस नेलं, वहीत साडेबारा डॉलर लिहिले आणि नोव्हेंबरात कापूस विकून फेडले. पाच महिन्यांत २५ टक्के, म्हणजे वर्षाला ६० टक्के झाले. तोच माल सप्टेंबरात नेला तरी वहीत साडेबाराच पडत. तेव्हा दोनच महिन्यांसाठी २५ टक्के, म्हणजे वर्षाला १५० टक्के. माणूस हंगामाच्या जितका जवळ येऊन उधारी करी, तितकी ती महाग पडे आणि हे त्याला कुठे लिहिलेलं दिसत नसे.

वह्या दोन असत. रोजच्या वहीत येईल त्या क्रमाने नोंद : तारीख, नाव, माल, वजन, भाव. रात्री किंवा आठवड्याने तीच नोंद खतावणीत त्या त्या माणसाच्या पानावर चढे. डाव्या अंगाला नेलेला माल, उजव्या अंगाला जमा : कापूस, अंडी, कातडी, एखाद दिवसाची मजुरी. आपल्या मुनिमांना हे नवीन नाही. फरक वसुलीच्या कायद्यात होता. पेरणीआधीच शेतकरी येणारं पीक दुकानदाराकडे गहाण लिहून देई आणि हा कागद सरकारदप्तरी नोंदला जाई. त्यानंतर फिटेपर्यंत तो कापूस दुसऱ्याला विकणं गुन्हा होई आणि दुसरा दुकानदार त्याला दारात उभा करत नसे.

यात सगळ्यात जास्त भरडला गेला तो १८६५ नंतर गुलामीतून सुटलेला काळा शेतमजूर. जमीन नाही, खेचर नाही, अवजार नाही. ते सगळं मालकाचं आणि पीक निम्मं-निम्मं. ज्याच्याकडे स्वतःचं खेचर आणि नांगर असे तो धान्याचा तिसरा आणि कापसाचा चौथा हिस्सा देऊन सुटे. निम्म्यावरच्या माणसाला पुष्कळदा वाचता येत नसे, म्हणून खतावणीचं पान त्याला तपासता येत नसे. दुकानदाराला तारण म्हणून कापूसच हवा असे, कारण तो खाऊन संपवता येत नाही आणि कधीही विकता येतो. म्हणून मक्याचं रान कमी होई आणि तोच मका मग उधारीच्या भावाने विकत घ्यावा लागे. १८९४ च्या हंगामात कापूस पौंडाला ५ सेंटच्याही खाली गेला. अशा वर्षी खातं मिटत नसे, बाकी पुढच्या पानावर ओढली जाई.

दुकानदार मात्र नेहमी गब्बर होता असं समजू नये. तोही शहरातल्या घाऊक व्यापाऱ्याकडून उधारीवरच माल आणी आणि पीक बुडालं की त्याचंही दिवाळं निघे.

तिकडे कापसाची गाठ किती किलोची होती आणि शेतकऱ्याच्या पदरात नेमकं काय पडायचं? आमच्याकडे कडता (वजनातली कपात) आणि ओल यावरून रोज वाद होतात.
— कापूस उत्पादक, मानवत

गाठ ५०० पौंडांची, म्हणजे सुमारे २२७ किलो. आपली गाठ १७० किलोची. एका गाठीला साधारण १,५०० पौंड कापूस लागे. त्यातून ५०० पौंडांच्या आसपास रुई, नऊशे ते हजार पौंड सरकी आणि उरलेला कचरा व तूट. उंच फळ्या लावलेल्या खेचरगाडीत एका गाठीचा कापूस बरोबर मावे. आधी भरली गाडी तोलत, मग रिकामी. जिनवाला, म्हणजे यंत्रावर रुई आणि सरकी वेगळी करून देणारा, मजुरी रोख घेई किंवा सरकी ठेवून घेई. पूर्वी सरकी ओढ्यात फेकून देत किंवा खत म्हणून रानात टाकत. तेलाच्या गिरण्या वाढल्यावर तिला भाव आला, आणि मग सरकी ठेवून घेणं जिनवाल्याच्या फायद्याचं ठरू लागलं.

कडता तिकडेही होता. गाठीवर गोणपाट आणि सहा लोखंडी पट्ट्या असत, त्यांचं मिळून वजन वीस-बावीस पौंड. गोणपाटाचा ताग बहुतेक बंगालचा. गिऱ्हाईक हे वजन धरूनच भाव बोले. दुसरी गळती नमुन्याची. प्रत्येक खरेदीदार गाठीची कूस चिरून मूठभर रुई ओढून काढी, बोटांत तिचे तंतू ताणून लांबी पाही आणि नमुना परत देत नसे. एक गाठ चार हात फिरली की चार चिरा पडत. शहरांतल्या वखारींत अशी जमा झालेली सुटी रुई पुन्हा दाबून गाठी बांधत आणि विकत. कोणाच्या तरी रानातला तो कापूस होता, त्याचे पैसे मात्र शेतकऱ्याला मिळाले नव्हते.

ओलीचं म्हणाल तर तिकडे प्रश्न वजनापेक्षा यंत्राचा होता. आपल्याकडे रोलर जिन, तिकडे करवतीची जिन : दातेरी चकत्या लोखंडी फासळ्यांच्या फटींतून रुई ओढून नेतात आणि सरकी मागे राहते. ओला कापूस या चकत्यांवर गुंडाळतो, यंत्र तुंबतं, रुईत गुठळ्या येतात, धागा तुटतो आणि प्रत उतरते. म्हणून जाणते शेतकरी वेचलेला कापूस दोन-तीन आठवडे फळ्यांच्या कोठीत वाळू देत आणि मगच जिनवर नेत. ओला ढीग दाबून ठेवला तर आतून तापतो आणि सरकी कुजते, म्हणून तो अधूनमधून वरखाली करावा लागे.

आगीची भीतीही मोठी. वेचणाऱ्याच्या खिशातून पडलेली काडी किंवा खडा चकतीवर आपटला की ठिणगी उडे. ती रुईबरोबर गाठीत दाबली गेली तर बाहेरून काही दिसत नाही, गाठ आतल्या आत दिवसेंदिवस धुमसत राहते. ठिणगी दिसल्यानंतरची गाठ म्हणून इतरांपासून लांब, उघड्यावर ठेवत.

दळणाचे पैसे कसे घेत?
— विद्यार्थी, वसमत

बहुतेक ठिकाणी पैसे नव्हतेच, धान्यातला हिस्सा घेत. हिस्सा किती घ्यायचा ते राज्याचा कायदा ठरवी, मक्याला पुष्कळ ठिकाणी आठवा. ५६ पौंडांच्या एका बुशेलमागे ७ पौंड. दळण्याआधीच ठरलेल्या मापाच्या भांड्याने तो काढून घेत. माप कायद्याचं असलं तरी ते शीग लावून भरायचं की सपाट, यावर भांडणं होत. मका ओलसर असला तर दगडावर थर चढे, आणि दगड जास्त जवळ बसवले तर पीठ तापून त्याला वास येई. अंकुरासकट दळलेलं पीठ लवकर खवट होतं, म्हणून आठवड्यापुरतंच दळून आणत.

बायका अंडी आणि लोणी दुकानात घालून किराणा आणत, असं वाचलं. लोण्याची प्रत कशी पाहायचे? आमच्या गटाचं दूध डेअरीला जातं आणि फॅटवरून कायम शंका असते.
— महिला बचत गट, देवणी

लोण्याची प्रत पाहतच नसत, हेच तिथलं मोठं दुखणं होतं. गावच्या दुकानदाराला सगळ्या बायका गिऱ्हाईक म्हणून हव्या असत. एकीला पौंडाला १५ सेंट आणि दुसरीला १० दिले की दुसरी रुसून समोरच्या दुकानात जाई. म्हणून तो सगळ्यांना एकच भाव देई आणि चांगलं-वाईट लोणी एकाच पिपात कोंबे. त्यातलं बरंचसं शहरात हलक्या भावाने जाई. जी बाई भांडी उकळून, ताक नीट धुऊन काढून, मोजून मीठ घालून लोणी करी, तिच्या कष्टाला दाम नव्हतं. काही दुकानदार रोकड न देता चिठ्ठी किंवा पितळेचं टोकन देत, ते त्याच दुकानात चाले.

पुढे गावोगाव लोण्याचे कारखाने निघाले आणि दूध तिकडे जाऊ लागलं. तिथे सुरुवातीला दूध नुसतं वजनावर घेत, म्हणजे पाणी घालणाऱ्याचा फायदा. यावर तोडगा काढला विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या स्टीफन बॅबकॉक यांनी १८९० मध्ये : दुधातला स्निग्धांश, म्हणजे फॅट, मोजायची चाचणी. त्यांनी पेटंट घेतलं नाही, ही पद्धत सगळ्यांना खुली ठेवली. या माणसाने खेड्यातल्या दूधवाल्यांवर केवढे उपकार केले, ते त्याआधीच्या वह्या पाहिल्या की कळतं.

कृती अशी. दूध वरखाली ओतून एकजीव करायचं, नाहीतर साय वर राहते आणि आकडा चुकतो. १७.६ मिलिलिटरच्या पिपेटने ते लांब मानेच्या बाटलीत घालायचं. ते १८ ग्रॅम भरतं. त्यात १७.५ मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक ॲसिड बाटली तिरपी धरून कडेने सोडायचं आणि गोल फिरवत मिसळायचं. ॲसिड दुधातली बाकी सगळी घट्ट द्रव्यं विरघळवतं, फक्त स्निग्धांश मोकळा राहतो, आणि मिश्रण तापून कॉफीच्या रंगाचं होतं. मग हाताने फिरवायच्या चक्रात पाच मिनिटं. मानेच्या बुडापर्यंत गरम पाणी घालून आणखी दोन मिनिटं. पुन्हा गरम पाणी, एक मिनिट, आणि मानेवर चढलेला पिवळा थर खुणांवर वाचायचा. मानेत दहा टक्क्यांची जागा बरोबर २ मिलिलिटरची असते.

थराखाली पांढरा चोथा दिसला तर ॲसिड कमी पडलं किंवा दूध फार थंड होतं. काळे कण दिसले तर ॲसिड जास्त झालं किंवा दूध कोमट होतं. दोन्ही वेळा ती चाचणी टाकून नवी करायची. तुमच्या डेअरीत बाटलीची चाचणी असेल तर ती बहुधा गर्बर पद्धतीची असेल. तिथे मापं वेगळी असतात : दूध १०.७५, ॲसिड १० आणि अमाइल अल्कोहोल १ मिलिलिटर. तत्त्व एकच. शंका असेल तर कॅनमधून नमुना काढताना दूध ढवळलं का, एवढं आधी उभं राहून पाहा. फसगत बहुतेक तिथेच होते.

अंड्यांचं थोडक्यात. उन्हाळ्याच्या तोंडाला अंडी उदंड आणि स्वस्त, हिवाळ्यात महाग. म्हणून घरी साठवत. एक भाग सोडियम सिलिकेट, नऊ भाग उकळून गार केलेलं पाणी, मातीची लुकण केलेली बरणी. पाच गॅलनच्या, म्हणजे १९ लिटरच्या बरणीत १५ डझन बसत. अंडी ताजी हवीत आणि धुतलेली नकोत. धुतलं की वरचं नैसर्गिक आवरण जातं. हे द्रावण कवचाची छिद्रं बुजवतं, म्हणून असं अंडं उकडताना रुंद टोकाला सुईने भोक पाडत, नाहीतर ते तडकतं.

ज्वारीच्या ताटांची काकवी तिकडे खरंच करत? आमच्या ज्वारीची होईल का?
— शेतकरी, केज

करत, आणि साखर परवडत नसलेल्या घरांत वर्षभर तीच खात. पण ती गोड ताटाची ज्वारी, १८५० च्या दशकात तिकडे पोचलेली. आपली धान्याची ज्वारी यासाठी उपयोगाची नाही, रसात गोडी कमी पडते.

दाणा दुधातून चिकात आला की ताटं कापत. पानं सोलायची आणि कणसं पूर्ण छाटायची. कणीस चरकात गेलं तर पिष्ट रसात उतरतं आणि काकवी खिरीसारखी गोठते किंवा तळाला लागते. चरक तीन लाटांचा, खेचराने फिरवायचा. रस गोणपाटातून गाळून उथळ, आडव्या पट्ट्यांच्या कढईत सोडत. ही कढई ओहायोतल्या डॅनियल कुक यांनी १८५८ मध्ये पेटंट केली. रस एका टोकाने आत येतो, नागमोडी वाहतो आणि दुसऱ्या टोकाने काकवी होऊन निघतो. आपल्या गुऱ्हाळाच्या काहिलीत सगळा रस एकदम असतो; इथे तो पातळ थरात सतत पुढे सरकतो, म्हणून कमी जळतो.

हिरवी मळी सतत काढावी लागे, राहिली तर काकवी काळी आणि कडवट होते. १०८ ते ११० अंश सेल्सिअसला उतरवत. त्याआधी उतरवली तर आंबते, उशीर झाला तर घट्ट होऊन करपते. आठ-दहा गॅलन रसाची एक गॅलन काकवी. चरकवाला मजुरी काकवीतच घेई.

घरपोच टपाल सुरू झाल्यावर गावच्या दुकानांचं काय झालं?
— निवृत्त टपाल कर्मचारी, नांदेड

आधी टपाल कचेरीच दुकानाच्या कोपऱ्यात असे. पत्र न्यायला आलेला माणूस रॉकेल आणि खिळेही नेई. १ ऑक्टोबर १८९६ रोजी वेस्ट व्हर्जिनियात खेड्यांसाठी घरपोच टपालाचा प्रयोग सुरू झाला आणि १९०२ मध्ये ती सेवा कायम झाली. देशातल्या टपाल कचेऱ्यांची संख्या १९०१ मध्ये ७६,९४५ होती, तो कळस. त्यानंतर छोट्या कचेऱ्या एकामागून एक बंद होत गेल्या. १ जानेवारी १९१३ पासून पार्सल टपाल आलं, सुरुवातीला ११ पौंडांपर्यंत, आणि शिकागोच्या मोठ्या दुकानांचे कॅटलॉग शेतकऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत माल पोचवू लागले. १८७२ पासून धंद्यात असलेल्या माँटगोमेरी वॉर्डचा भाव छापील आणि सगळ्यांना एकच असे. गावच्या दुकानदारांनी जोराचा विरोध केला, काही गावांत कॅटलॉगांच्या होळ्याही झाल्या.

तरी दुकानं लगेच बुडाली नाहीत. कॅटलॉगच्या मालाला पैसे आधी भरावे लागत. टोपलीभर अंडी घेऊन त्यांच्या बदल्यात साखर देणारा आणि कापूस येईपर्यंत थांबणारा माणूस गावातच होता.