स्किनी पपी हा बँड १९९५ मध्ये कायमचा संपला, असे सांगलीतील मित्र म्हणतात. ते खरे आहे का?

नाही, १९८२ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर येथे सुरू झालेला हा इलेक्ट्रो-इंडस्ट्रियल (इलेक्ट्रॉनिक ताल आणि यंत्रांसारखे कर्कश आवाज मिसळणाऱ्या संगीताचा) बँड १९९५ मध्ये फुटला खरा, परंतु २००० मध्ये जर्मनीतील ड्रेस्डेन येथे पुन्हा मंचावर आला आणि २०२३ मध्ये निरोपाचा दौरा करून थांबला. मित्रांचा गैरसमज स्वाभाविक आहे: जून १९९५ मध्ये गायक ओगर बाहेर पडला, ऑगस्टमध्ये कीबोर्ड व सॅम्पलर (ध्वनिमुद्रित आवाजांचे तुकडे, म्हणजे सॅम्पल, वाजवणारे यंत्र) सांभाळणारा ड्वेन गेटल वारला आणि ‘द प्रोसेस’ हा अल्बम १९९६ मध्ये, म्हणजे बँडच उरला नसताना, बाजारात आला. सांगलीत माझ्या संग्रही असलेल्या सीडींवरील सालेही हाच क्रम दाखवतात. मात्र २००४ पासूनच्या अल्बमांत गेटलचे ते एकावर एक रचलेले, कानाला बोचणारे सॅम्पल शोधू नयेत. त्यांसाठी १९९० चा ‘टू डार्क पार्क’च ऐकावा.