आठशेच्या व्हॅनला तेराशेचं इंजिन बसवावं का?

प्रश्न : आमच्याकडे २००९ सालची मारुती ऑम्नी आहे. पेट्रोल, आठ आसनी. वडिलांनी नवी घेतली होती. ते गेल्यापासून मी चालवते. आजऱ्याहून आंबोली घाट उतरून सावंतवाडीला आईच्या माहेरी आमचं नेहमी जाणं असतं आणि गाडीत सहा-सात माणसं असतात. वर्षभरापासून सकाळी पहिल्यांदा स्टार्ट केली की सायलेन्सरमधून निळा धूर येतो, मग थांबतो. घाट उतरून ॲक्सिलरेटर दाबला की पुन्हा येतो. परतताना चढाला टेंपरेचरचा काटा वर जातो. दोनदा गाडी थांबवून पाणी ओतावं लागलं. एक मेस्त्री म्हणतात, मारुतीच्या जिप्सी जीपचं तेराशे सीसीचं इंजिन टाका, घाटात गाडी पळेल, लाखाच्या आसपास खर्च येईल. दुसरे मुंबईहून जुनं इंजिन आणून देतो म्हणतात. तिसरे म्हणतात, आहे तेच बांधून घ्या. काय करू? आणि काम काढणारच आहोत तर एसी, रुंद टायर, एलईडी दिवे, सीएनजी यातलं काय करून घ्यावं? गाडी विकायची नाही.
— एक वाचक, आजरा

उत्तर : ताई, तिन्ही मेस्त्रींनी इंजिन सुचवलं, पण असलेल्या इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते, कुणी मोजल्याचं तुमच्या पत्रात कुठे दिसत नाही. लक्षणं वाचून तर मला वाटतं, तुमचं इंजिन अजून संपलेलं नाही.

धूर नेमका कधी येतो ते तुम्ही लिहिलंत, फार बरं झालं. रिंगा (पिस्टनभोवतीची कडी) आणि सिलिंडर झिजले की निळा धूर चढाला, इंजिनावर ताण असताना, सारखा येत राहतो. तुमचं तसं नाही. रात्रभर गाडी उभी राहिली की हेडमधलं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या व्हॉल्व्ह असलेल्या भागातलं, तेल व्हॉल्व्हच्या दांडीवरून थेंबथेंब खाली झिरपतं आणि सकाळी जळतं. घाट उतरताना पाय उचललेला असतो, थ्रॉटल बंद, त्यामुळे आत जोराचा व्हॅक्यूम तयार होतो आणि तो तेल ओढून घेतो. तळाला येऊन तुम्ही ॲक्सिलरेटर दाबलात की तेच धूर होऊन बाहेर पडतं. हे दुखणं व्हॉल्व्ह सील आणि गाइडचं आहे. सील म्हणजे रबराच्या बारीक टोप्या, इतक्या वर्षांत त्या कडक होणारच. त्यासाठी हेड उतरवायचं, आख्खं इंजिन बदलायचं नाही.

तरी माझ्या अंदाजावर पैसे खर्च करू नका, मोजून घ्या. इंजिन गरम करून तिन्ही प्लग काढायचे, इग्निशन आणि पेट्रोल बंद करायचं, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा आणि एकेका सिलिंडरला गेज लावून स्टार्टर फिरवायचा. बॅटरी दमलेली नको, नाहीतर आकडे खोटे येतात. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. तेल टाकल्यावर आकडा चांगलाच वाढला तर गळती रिंगांतून आहे. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्हमधून. शेजारचे दोन सिलिंडर मिळून कमी दाखवत असतील तर हेड गॅस्केट गेलंय. ऑम्नीत सीट उचललं की इंजिन हाताशी येतं, त्यामुळे या कामाला कंटाळा करायचं कारणच नाही. मेस्त्री टाळाटाळ करू लागले तर दुसरे बघा.

आता गरम होण्याचं. तुमच्या गाडीचं खरं संकट मला हे वाटतं. या इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं आहे. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं की ते वाकू शकतं. दोनदा असं झालंय, म्हणून हेड उतरवल्यावर त्यावर सरळ पट्टी आडवी-तिरकी ठेवून फीलर गेजने फट बघायलाच हवी. फट निघाली तर फेसिंग, म्हणजे हेडची खालची बाजू घासून सपाट करणं. रेडिएटर काढून आतून-बाहेरून साफ करायचा, झाकण आणि पाण्याचे सगळे होज नवे टाकायचे, पंखा ठरल्या तापमानाला सुरू होतो का ते बघायचं, आणि विहिरीच्या पाण्याऐवजी कूलंट भरून सिस्टिममधली हवा नीट काढायची. एक कळकळीची विनंती: थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप) काढून टाकू देऊ नका. 'काढला की गाडी तापत नाही' असं सगळीकडे सांगतात. पण तुमची गाडी इंजेक्शनची असेल, तर थर्मोस्टॅटशिवाय कंप्युटरला इंजिन गारच वाटत राहतं, तो जास्त पेट्रोल सोडतो, आणि ते पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन काढतं. म्हणजे चांगल्या रिंगा आपणच झिजवायच्या. पुढच्या वेळी काटा वर गेला तर गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि गार होईपर्यंत झाकणाला हात लावू नका.

मोजणीत रिंगा गेलेल्या निघाल्या, तर तिसऱ्या मेस्त्रींचं ऐका आणि हेच इंजिन बांधून घ्या. ऑम्नीचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं, पण रस्त्यावर इतक्या गाड्या आहेत की सामान सहज मिळतं. मूळ बोअर (सिलिंडरच्या आतला व्यास) ६८.५ मिलिमीटर, पाव किंवा अर्धा मिलिमीटर मोठं पिस्टन घालून बोअरिंग करता येतं. हे काम कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात करून घ्या. पंपांची आणि शेतीच्या इंजिनांची कामं करून तिथल्या हातांना पिढ्यांची सवय आहे. फक्त पिस्टन आधी विकत घ्यायचं, लेथवाल्याच्या हातात द्यायचं आणि त्या पिस्टनच्या मापाने बोअर करायला सांगायचं. होनिंग (बोअरला आतून दगडाने शेवटची घासणी) झाल्यावर सिलिंडरच्या भिंतीवर तिरक्या रेघांची जाळी दिसली पाहिजे. तेल तिथेच टिकतं. ब्लॉक साबणाच्या पाण्याने धुऊन घ्या, नाहीतर बोअरिंगची भुकटी नव्या रिंगा खाते. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप आणि ऑइल सील जुनी परत बसवायची नाहीत.

मुंबईहून येणारं जुनं इंजिन किती चाललंय, कुठे तापलंय, कुणालाच माहीत नसतं. घ्यायचंच झालं तर विक्रेत्याच्या दारातच कॉम्प्रेशन मोजायचं आणि ज्या गाडीतून ते निघालं तिचे कागद व पक्कं बिल घ्यायचं. इंजिनाचा नंबर आरसी बुकात असतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ अशा बदलाची नोंद मागतं. परवानगी न घेता बदल झाला तर १४ दिवसांत आरटीओला कळवावं लागतं. २००९ची गाडी म्हणजे १५ वर्षांनंतरचं नूतनीकरण तुम्ही केलेलं असणार आणि पाच वर्षांनी पुन्हा पासिंगला न्यायची आहे. तिथे नंबर जुळला नाही की गाडी अडकली.

जिप्सीच्या इंजिनाला माझा सरळ विरोध आहे. त्याच कलमाखाली सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय की, कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. वेगळ्या क्षमतेचं इंजिन त्यात येतंच. अपघात झाला तर विमा कंपनीलाही आयतं कारण मिळतं. पण कायदा बाजूला ठेवला तरी मी हेच म्हणेन. तुमचं इंजिन ७९६ सीसीचं, जेमतेम ३५ अश्वशक्तीचं. जिप्सीचं १६ व्हॉल्व्हचं इंजिन ८० अश्वशक्तीचं. ब्रेक, गिअरबॉक्स, मागचा एक्सल, १२ इंची चाकं, सगळं त्या ३५ साठी बांधलेलं. ऑम्नीला पुढे बॉनेट नाही. धडक झाली तर पहिला मार चालवणाऱ्याच्या पायांवर. आंबोलीच्या वळणांवर सात माणसं घेऊन अशी गाडी पळवायची कशासाठी? ती दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश चढते, चढू द्या.

तो लाख रुपये वाचला की त्यातला आधी ब्रेकला द्या. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, आणि लांब उतारावर ब्रेक तापले की ते पाणी उकळून पॅडल मऊ पडतं. जुनं ऑइल पूर्ण काढून नवं भरा, व्हील सिलिंडर आणि लायनर उघडून बघा. उतरताना ज्या गिअरने चढता त्याच गिअरमध्ये उतरा.

त्यानंतर पेट्रोलचे होज. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि २००९च्या गाडीचं रबर त्यासाठी बनलेलं नाही. ऑम्नीत इंजिन थेट सीटखाली आहे, म्हणजे गळती झाली तर ती माणसांच्या खालीच. टाकीपासून इंजिनापर्यंतचा आणि परतीचा, दोन्ही रबरी होज इथेनॉल चालेल असे घ्या, क्लिपा नव्या लावा. मागे बसणाऱ्यांचे पट्टेही बघून घ्या.

टायर मूळ मापाचेच, वजन पेलणारे एलटी (हलक्या मालगाड्यांसाठीचे). रुंद टायरने स्टेअरिंग जड होतं आणि पावसात पकडही वाढत नाही. टायरच्या कडेला चार आकडे असतात: ३२१८ म्हणजे २०१८चा ३२वा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी इतका जुना टायर घाटात नको. मूळ रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब टाकू नका, समोरच्याचे डोळे दिपतात आणि आंबोलीच्या धुक्यात आपल्यालाच पांढरी भिंत दिसते. साधा एच-४ बल्ब, रिले टाकलेलं नवं वायरिंग आणि खाली पिवळे फॉग लॅम्प पुरे. एसी या इंजिनावर घाटात ओझं होईल. सीएनजीने ताकद आणखी घटते आणि सिलिंडर बसायची जागा खातो. सात जणांच्या गाडीत तो नकोच.

तूर्त कॉम्प्रेशनचे सहा आकडे, तीन कोरडे आणि तीन तेल टाकून, कागदावर लिहून पाठवा. ते बघून हेडवर भागतंय की बोअरिंगला जायचं ते सांगतो. तोवर घाट टाळा, आणि आजऱ्यातल्या आजऱ्यात फिरतानाही काट्यावर नजर ठेवा.