तुमचे प्रश्न: डेंड्रिटिक सेलच्या लशीसाठी शेत विकू का?

प्रश्न: डॉक्टर, वडील एकाहत्तर वर्षांचे आहेत, प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत गेलाय. एका सेंटरवाल्यांनी सांगितलं की रक्त काढून त्यातून डेंड्रिटिक सेलची लस बनवून देतो, याला नोबेल मिळालंय म्हणाले. खर्च लाखांत. अर्धा एकर विकायचं ठरतंय घरात. काय करू?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर: दादा, आधी नोबेलचं बघू कारण सगळा भाव त्याच्यावरच वाढवलाय. राल्फ स्टाइनमन यांनी झानविल कोन यांच्यासोबत १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर युनिव्हर्सिटीत उंदराच्या प्लीहेत या पेशी ओळखल्या आणि २०११ ला त्यांना नोबेल जाहीर झालं. ते मिळालं या पेशी आणि त्यांचं काम शोधल्याबद्दल, कुठल्या लशीला नाही. त्यांना स्वतःला २००७ मध्ये स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, स्वतःच्याच पेशींपासून केलेल्या लशी त्यांनी टोचून घेतल्या, चारेक वर्षं जगले, आणि बक्षीस जाहीर व्हायच्या तीन दिवस आधी गेले (कमिटीला पत्ताच नव्हता, नियम मेलेल्याला नोबेल द्यायचा नाही, तरी बक्षीस कायम ठेवलं). पण सोबत केमोही चालू होती, त्यामुळे कशाने किती फरक पडला ते एका माणसावरून कुणालाच सांगता येत नाही. सेंटरवाले हा भाग सांगत नाहीत.

आता या पेशी करतात काय, तर पोलिसांच्या खबऱ्याचं काम. कातडीत, नाकात, आतड्यात बसून असतात, कुणी परका जंतू दिसला की त्याचा तुकडा उचलतात आणि जवळच्या लिम्फ नोडमध्ये जाऊन टी सेल्सना, म्हणजे लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना, दाखवतात. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं ना, तिथेच ही सगळी बैठक चालते. नुसता तुकडा दाखवून भागत नाही, सोबत धोक्याचा सिग्नलही द्यावा लागतो, तो नसेल तर टी सेल गप्प बसतात, आणि ते बरंच आहे, नाहीतर रोजच्या वरण-भातावरही शरीर तुटून पडलं असतं. कॅन्सर याचाच फायदा घेतो, गाठीच्या आजूबाजूला या पेशींना सुस्त करून ठेवतो.

म्हणून आयडिया अशी की पेशी बाहेर काढा, लॅबमध्ये कॅन्सरचं प्रोटीन दाखवून जाग्या करा, परत सोडा. आयडिया झकास आहे, मला अजूनही आवडते. अमेरिकेत २०१० मध्ये प्रोस्टेटसाठीच अशी एक ट्रीटमेंट मंजूर झाली, सिप्युल्युसेल-टी, तीन डोस, तेव्हाची किंमत ९३ हजार डॉलर. ५१२ पेशंटच्या ट्रायलमध्ये मध्यक आयुष्य (निम्मे पेशंट याहून जास्त जगतात तो आकडा) २१.७ महिन्यांवरून २५.८ झालं, म्हणजे साधारण चार महिने, आणि ते पेशंट असे होते की त्रास नव्हता किंवा अगदी कमी होता. गाठ मात्र क्वचितच लहान झाली. खोटं नाहीये, पण एवढंच आहे. आणि तुम्हाला जी लस देऊ करतायत ती हीच आहे असंही नाही, प्रत्येक लॅबची पद्धत वेगळी, एकीचा आकडा दुसरीला लावता येत नाही.

तेव्हा त्यांना सरळ विचारा, ही नेमकी लस प्रोस्टेटसाठी भारतात मंजूर आहे का, कागद दाखवा. ट्रायल आहे म्हणाले तर सीटीआरआयचा (भारतातल्या ट्रायल्सच्या सरकारी नोंदवहीचा) नंबर मागा, आणि ट्रायलच्या औषधाचे पैसे पेशंटकडून का घेताय तेही विचारा. वडिलांचं हार्मोन, ॲबिराटेरॉन, डोसिटॅक्सेल या नेहमीच्या उपचारांतलं काय झालंय काय राहिलंय ते फाइल घेऊन परळला टाटात किंवा जवळच्या कॅन्सर हॉस्पिटलात एकदा दाखवा. माझं मत विचाराल तर या लशीसाठी शेत विकू नका.

प्रश्न: कुत्रा चावला म्हणून सरकारी दवाखान्यात गेले तर दोन्ही दंडांवर कातडीत थेंबभर टोचलं. शेजारच्या काकूंना प्रायव्हेटमध्ये पूर्ण इंजेक्शन दिलं. मला कमी पडणार का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: नाही ताई, वरच्याच खबऱ्यांची कृपा. कातडीत ते दाट असतात, स्नायूत कमी, म्हणून कातडीत दोन जागी ०.१ मिली दिलं तरी पुरतं आणि एका बाटलीत बरेच पेशंट होतात. फक्त ० (म्हणजे पहिला डोस), ३, ७ आणि २८ हे दिवस चुकवू नका. रक्त आलं असेल तर जखमेत द्यायचं इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन) दिलंय का ते केसपेपरवर आजच बघा, नसेल तर उद्यावर न टाकता परत जा, ते पहिल्या डोसपासून सात दिवसांतच देता येतं.