सीजीआरपीला 'संप्रेरक' म्हणावे का?

प्रश्न असा आहे: मायग्रेनच्या नव्या औषधांविषयीच्या एका मराठी मजकुरात 'सीजीआरपी हे संप्रेरक वाढले की अर्धशिशी उठते' असे वाक्य आले आहे. इथे 'संप्रेरक' (हॉर्मोन) चालेल का? नसेल, तर कोणता शब्द घ्यावा?

नाही चालणार. पण लिहिणाऱ्याची गफलत कुठे झाली असावी हे दिसते. सीजीआरपीचे पूर्ण नाव कॅल्सिटोनिन जीन रिलेटेड पेप्टाइड, आणि त्यातले कॅल्सिटोनिन हे खरोखरच संप्रेरक आहे. ते थायरॉइड ग्रंथीत तयार होते आणि रक्तातून फिरते. गंमत अशी की, थायरॉइडमध्ये ज्या जनुकापासून कॅल्सिटोनिन बनते, त्याच जनुकाचा निरोप चेतापेशीत, म्हणजे मज्जातंतूच्या पेशीत, वेगळ्या तऱ्हेने कापून जोडला जातो आणि 37 अमिनो आम्लांची निराळीच साखळी तयार होते. ती सीजीआरपी. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला हे उलगडले. म्हणजे नावात कॅल्सिटोनिन आले ते जनुकाच्या नात्याने. काम वेगळेच आहे.

'संप्रेरक' या शब्दात फक्त प्रेरणा देण्याचा अर्थ आहे, त्यामुळे फोड करून पाहणाऱ्याला तो इथेही बसेलसा वाटतो. परिभाषेत मात्र तो ग्रंथीतून रक्तात उतरून दूरच्या अवयवावर काम करणाऱ्या द्रव्यासाठी रुळला आहे. सीजीआरपी चेतेच्या टोकातून पाझरते आणि बहुतेक काम तिथल्या तिथे उरकते. चेहऱ्याच्या आणि डोक्याच्या संवेदना वाहणारी ट्रायजेमिनल चेता मेंदूच्या आवरणांतही पसरलेली असते. मायग्रेनच्या झटक्यात तिच्या टोकांतून सीजीआरपी सुटते, रक्तवाहिन्या रुंदावतात आणि वेदना वाहणारे तंतू हळवे होतात. गोड्सबी आणि एडविन्सन या संशोधकांना 1990मध्ये झटका चालू असलेल्या रुग्णांच्या मानेतल्या शिरेच्या रक्तात ती वाढलेली आढळली, हे खरे. पण रक्तात सापडली म्हणून ती संप्रेरक ठरत नाही. चेतेपाशी सुटलेल्या द्रव्याचा काही अंश रक्तात उतरतोच.

मग 'चेतापारेषक', म्हणजे एका चेतापेशीकडून दुसरीकडे निरोप नेणारे द्रव्य, हा शब्द घ्यावा का? ढोबळ अर्थाने चालेल. सेरोटोनिनसाठी तो अगदी नेमका आहे. पण सेरोटोनिनसारखे छोटे रेणू चेतेच्या टोकाशीच तयार होतात, काम झाले की परत शोषले जातात. पेप्टाइडे, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या, चेतापेशीच्या मुख्य भागात बनून लांबचा प्रवास करत टोकापर्यंत येतात आणि त्यांचा परिणाम जास्त वेळ रेंगाळतो. हा फरक जपायचा असेल तर मी 'चेतापेप्टाइड' निवडेन. वाक्य असे होईल: 'चेतांच्या टोकांतून सीजीआरपी हे चेतापेप्टाइड सुटते आणि अर्धशिशीच्या वेदनेला हातभार लावते.' 'वाढले की उठते' हेही मी बदलले, कारण मायग्रेनमागे एकटी सीजीआरपी नाही, आणि तिच्यावरची औषधे सगळ्यांना लागूही पडत नाहीत. 'अर्धशिशी' मात्र निःशंक ठेवावा. दुखणे कधी दोन्ही बाजूंना असते म्हणून काही जण तो टाळतात, पण 'मायग्रेन'च्या मुळाशीही अर्धे डोकेच आहे.

औषधांच्या शब्दांत मला जास्त काळजी वाटते. ट्रिप्टान गटाची औषधे सेरोटोनिनच्या ग्राहींवर (पेशीवर तो रेणू जिथे जोडला जातो त्या जागांवर) बसून सीजीआरपीचे सुटणे कमी करतात, शिवाय रक्तवाहिन्या आकुंचित करतात. म्हणून हृदयविकार असलेल्यांना ती सहसा देत नाहीत. जेपँट गट सीजीआरपीचा ग्राही अडवतो, रक्तवाहिन्या आवळत नाही. 2018पासून आलेली इंजेक्शने म्हणजे प्रतिपिंडे (अँटिबॉडी) आहेत: एरेनुमॅब ग्राहीला धरते, फ्रेमानेझुमॅब आणि गॅल्कानेझुमॅब सीजीआरपीलाच. जेपँट आणि ही इंजेक्शने मिळून 'सीजीआरपी-रोधक' म्हणता येतील. ट्रिप्टानना तसे म्हणू नये.

आणि महिन्याच्या किंवा तिमाहीच्या या इंजेक्शनांना 'वेदनाशामक' तर मुळीच लिहू नये. ती झटके कमी यावेत म्हणून घ्यायची असतात, डोके दुखू लागल्यावर नव्हे. 'प्रतिबंधक औषध' हा साधा शब्द आहे, तोच वापरावा. या दोन शब्दांची सरमिसळ रुग्णाला महागात पडू शकते. साधी वेदनाशामके महिन्यात 15 किंवा अधिक दिवस, ट्रिप्टान 10 किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त चालले तर औषधामुळेच डोकेदुखी जडू शकते. ज्याला वारंवार झटके येतात त्याने 'प्रतिबंधक' हा शब्द ओळखला, तर डॉक्टरांना नेमके काय विचारायचे हे त्याला कळेल.